उसण, पायाळू आणि कंबरेचा व्यायाम

आषाढात भातलावणी सुरू झाली की दोन-चार दिवसांतच कुणाच्या ना कुणाच्या कंबरेत उसण भरते आणि गावात पायाळू मनुष्याचा शोध सुरू होतो. जन्मतेवेळी ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीवर लाथ मारली म्हणजे उसण उतरते, असा समज महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. त्यानंतर रोगी बरा झाल्याचेही अनेकांनी पाहिलेले असते. परंतु साधी उसण स्नायू ताणल्याने वा आखडल्याने येते आणि बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. तेव्हा श्रेय लाथेचे नव्हे, काळाचे होय. हा समज निरुपद्रवी असता तर त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु उतारवयात, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ होतात. अशा पाठीवर लाथ बसल्यास मणका मोडण्याचे भय असते.

लावणी करणारा मनुष्य तासन्‌तास पुढे वाकलेला असतो. पाठीचे स्नायू व मणक्यांना जखडणारे बंध सतत ताणलेले राहतात आणि मणक्यांमधील चकत्यांवर पुढील बाजूने दाब पडतो. अशा थकलेल्या पाठीने अंग पिळून ओझे उचलले की चमक भरते. शेतात दिवसभर राबणाऱ्यास व्यायाम कशाला, असे विचारले जाते. त्याचे श्रम भरपूर असतात हे खरे, पण ते एकाच दिशेने होतात.

म्हणून दर अर्ध्या तासाने सरळ उभे राहावे, दोन्ही तळहात कंबरेवर मागे टेकावेत व गुडघे न वाकवता सावकाश मागे झुकावे. असे पाच-सहा वेळा करावे. यास एक मिनिटही लागत नाही आणि मुकादमाची हरकत असण्याचे कारण नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारात पुढे वाकणे व मागे झुकणे आळीपाळीने येते. शेतकऱ्यास तो व्यायाम सोयीचा आहे. मात्र दुखणे ताजे असताना नमस्कार घालू नयेत.

दुखणे आले म्हणून अंथरूण धरू नये. सोसवेल तितके हिंडावे-फिरावे. शेक व हलक्या हाताचे तेलमालिश यांनी आराम पडतो, पण तो तात्पुरता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम व मालिश यांचा समावेश आहे. कंबरपट्ट्याची मात्र नेहमीसाठी शिफारस नाही.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, दुखण्याबरोबर ताप असणे, अथवा पडल्यानंतर पाठ दुखू लागणे, ही लक्षणे साध्या उसणीची नव्हेत. ती आढळल्यास गावातील कार्यकर्त्यांनी मालिश वा व्यायाम न सुचविता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.