हजेरीची वही : मालकाची आणि मजुराचीही



एकरी टनेज विचारले की आपले सभासद बोटावर सांगतात. लागणीपासून तुटणीपर्यंत मजुरांचे किती रोज लागले, असे विचारले की मात्र उत्तर येते, "असतील की साहेब, शे-दीडशे." खताचा हिशेब पावतीवर, पाण्याचा पाळीवर, आणि मजुरीचा निव्वळ आठवणीवर! मग ऊस परवडला की नाही, हे कळायचे कसे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी एका सभासदाच्या वस्तीवर आम्ही गेलो, तर मजुरीवरून बोलाचाली चाललेली. खत टाकायला आलेली एक बाई म्हणत होती, "माझं सहा रोज झालं." सभासद म्हणत होते, "साडेपाच." बाईने घरच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. "रेघ खोटं न्हाई बोलत, सायेब," ती म्हणाली. सभासदांकडे आठवणीपलीकडे काही नव्हते.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. बुधवारी बाया आठला रानात हजर होत्या, पण खताची गाडी आली साडेअकराला. तोवर त्या बांधावर बसून. ते तास सभासदांनी धरले नाहीत. आणि गाडी सकाळीच पोचेल, हा निरोप दिला होता आम्हीच! चूक आमची आणि कात्री तिच्या मजुरीला. आम्ही ते तिथेच कबूल केले. सभासदांनीही समजुतीने सहावा रोज पुरा दिला.

तेव्हापासून आम्ही गटागटांत एकच सांगतो : शंभर पानी वही घाला. तारीख, नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम व गट नंबर, सही किंवा अंगठा, एवढे रकाने पुरेत. नोंद त्याच दिवशी, शाईने करावी. चुकले तर खाडाखोड नको. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहावे व दोघांची सही घ्यावी. खोळंब्याचा वेळ वेगळा दाखवावा, पण मजुरीत धरावा. त्या माणसाने आपला दिवस आपल्याला दिलेला असतो. उचल निराळ्या पानावर लिहावी, तासांत वळती करू नये.

रात्रीच्या लायटीवर दारे धरणाऱ्या गड्याचा घोटाळा हमखास होतो. रात्री १० ला गेलेला माणूस पहाटे ६ ला परततो. नोंद कोणत्या तारखेची? आपल्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात रात्रपाळी ज्या तारखेला सुरू झाली, त्याच तारखेला लिहितात. तीच रीत शेतावर ठेवावी, म्हणजे एक रात्र दोनदा लागत नाही की बुडतही नाही.

अर्ध्या तासाने काय होते, असे कोणी म्हणेल. १० मजूर, रोज अर्धा तास, ६ दिवस, म्हणजे ३० तास. आठ तासांचा रोज धरला तर पावणेचार रोज झाले! ते मजुराकडून बुडाले तर मालकाचे नुकसान, मालकाकडून बुडाले तर मजुराचे.

ऊसतोडीचा हिशेब टनावर असतो, तासांवर नव्हे. तिथे वजनाची पावती हीच हजेरी. तिची नोंद टोळीलाही बघायला मिळाली पाहिजे.

या लागणीपासून वही सुरू करावी, ही नम्र विनंती. आठवड्याच्या शेवटी ती मजुरांपुढे मोठ्याने वाचावी आणि मगच पैसे मोजावेत.

— ऊस विकास अधिकारी