चढावर लागणारा इंजिनाचा कस

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आंतरराज्य महामार्ग ७० हा रॉकी पर्वत ओलांडताना सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो, आणि मागे जड ट्रेलर जोडलेला पिकअप ट्रक पेट्रोलवर चालतो की डिझेलवर, हे त्या चढावर लपून राहत नाही. भार ओढताना महत्त्व असते ते टॉर्कला, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवणाऱ्या पिळाच्या जोराला. फोर्डचे ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ६५८ न्यूटन-मीटर टॉर्क देते, पण त्यासाठी त्याला मिनिटाला ४,००० फेरे घ्यावे लागतात. त्याच कंपनीच्या ६.७ लिटरच्या डिझेल इंजिनाची सर्वांत जोरकस आवृत्ती अवघ्या १,६०० फेऱ्यांत १,६२७ न्यूटन-मीटर गाठते.

याचे श्रेय इंधनापेक्षा टर्बोचार्जरला, अर्थात धुराच्या झोताने फिरून सिलिंडरात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, अधिक द्यावे लागते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबून तापवली जाते व इंधन नंतर फवारले जाते, त्यामुळे दाब वाढवला तरी मिश्रण अवेळी पेटण्याची धास्ती नसते. बोगद्याच्या उंचीवर हवा जवळपास तीस टक्क्यांनी विरळ असल्याने टर्बोविना पेट्रोल इंजिन त्याच प्रमाणात दुबळे होते, तर टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

उतारावर मात्र डिझेल इंजिन स्वतःहून गाडीला फारसे रोखत नाही, म्हणून धुराची वाट आवळणारा एक्झॉस्ट ब्रेक त्याला जोडावा लागतो. शिवाय ते वजनदार आणि महागही असते. वर्षातून दोनचारदा होडी ओढणाऱ्याने ते घेणे ही बहुधा हौसच.