वस्तीची गाडी

कोकणातल्या आडगावी निघालेल्या मुंबईकरास बहुधा दोन गाड्या कराव्या लागतात: पहिली रात्रीची, राजधानीतून निघून पहाटे तालुक्याच्या ठिकाणी सोडणारी, आणि दुसरी, तेथून घराच्या बेड्यापर्यंत नेणारी. चाकरमान्यांच्या गप्पांत आणि गणपतीच्या आरक्षणाच्या धांदलीत महिमा गायिला जातो तो पहिलीचाच. माझा जीव मात्र गेली कित्येक वर्षे दुसरीत, आणि तिच्यातही सायंकाळी शेवटच्या गावी जाऊन तेथेच रात्र काढणाऱ्या वस्तीच्या गाडीत, गुंतलेला आहे. तेव्हा या लेखात प्रमाण थोडे ढळले तर वाचकांनी ते सोसून घ्यावे.

इतिहास थोडक्यात उरकतो. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली, लाकडी सांगाड्याची बेडफर्ड गाडी अहमदनगरहून पुण्यास निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. पुढे १९५० च्या कायद्यान्वये महामंडळ झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यास आजचे नाव लाभले. कोकणपट्टीचा त्यापूर्वीचा मुख्य आधार आगबोटीचा. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी ‘रामदास’ बुडाली, तो घाव अलिबागकडच्या जुन्या घराण्यांत अद्याप बुजलेला नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली, परंतु राजापूर रोड हे स्टेशन राजापूर शहरापासून इतके दूर की, तेथे उतरलेल्या उतारूसही पुन्हा एस.टी.च शोधावी लागते.

रात्रीच्या गाडीविषयी चार शब्द लिहिणे कर्तव्य आहे. मुंबई सोडून पनवेल मागे पडले की कर्नाळ्याची खिंड, वडखळ, माणगाव असा क्रम लागतो. महाडजवळ सावित्रीचा पूल येतो. तेथला जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्यासह दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नाहीशा झाल्या. नव्या पुलावर चाके लागताच आजही एखादा वृद्ध झोपेतून उठून हात जोडतो, हे मी पाहिले आहे. पोलादपूरनंतरचा कशेडी घाट पूर्वी साऱ्या गाडीस जागे ठेवी, आता बोगद्याने त्याचा दरारा हिरावला. मला, अरसिकपणाचा आरोप पत्करून सांगतो, त्याचे मुळीच दुःख नाही. पुढे परशुराम घाट, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजे, आणि उजाडता उजाडता राजापूर.

राजापुरात दिवस काढावा लागतो आणि तो काढण्यासारखे गाव दुसरे नाही. इंग्रजांची वखार येथे होती आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती जप्त केली. ज्या खाडीतून गलबते थेट शहराला लागत ती गाळाने भरली आणि बंदराचा दिमाख ओसरला. जवळच उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे आहेत आणि वर टेकडीवर ती सुप्रसिद्ध गंगा, जिच्या येण्याजाण्यास पंचांगाचा वा सरकारी हुकमाचा धाक नाही. वेळापत्रकाच्या बाबतीत एस.टी. तिच्याहून पुष्कळच भरवशाची म्हणावी लागेल.

आता माझ्या विषयाकडे येतो. दुपार कलली की फलाटावर वस्तीच्या गाडीचे उतारू जमू लागतात: कचेरीत सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी सकाळपासून तिष्ठलेले शेतकरी, सरकारी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्या घेऊन परतणाऱ्या वृद्धा, आणि कॉलेजातील मुली, ज्यांना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो म्हणूनच ज्यांचे शिक्षण सातवीला थांबले नाही. उतारूंइतकीच गर्दी सामानाची असते. पावाची लादी, पंपाचा दुरुस्त केलेला भाग, कोणाच्या तरी मधुमेहाच्या गोळ्या हे सर्व चालकाच्या केबिनमध्ये केवळ विश्वासावर चढविले जाते, त्याची पावती कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. नियमांच्या पुस्तकात या वहिवाटीला स्थान नसावे, पण नियमानेच सारे चालले असते तर ही खेडी केव्हाच ओस पडली असती.

तिकिटाचा हिशेब टप्प्यांनी चालतो, एक टप्पा सहा किलोमीटरांचा. पूर्वी वाहकाच्या हाती निरनिराळ्या रंगांच्या तिकिटांचा ट्रे असे आणि पंचाच्या टिकटिकीवरून तो गाडीत कोठवर आला आहे ते डोळे मिटून कळे. आता यंत्र कागदाची पट्टी ओकते. गाव आल्यावर उतारू पांगतात, पण वाहकाची सुटका होत नाही. पत्र्याची पेटी उघडून वेबिल आणि रोकड यांचा मेळ बसेपर्यंत त्यास जेवण गोड लागत नाही. चालक तोवर गाडी उताराला तोंड करून लावतो आणि चाकाखाली दगड सरकवितो. पहाटे बॅटरीने दगा दिला तर केवळ उतारावर सोडून इंजिन धरता यावे यासाठीचा हा शिरस्ता कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा अनुभवाने दिलेला आहे. मग देवळाच्या ओसरीवर वा शाळेच्या पडवीत, आणि पावसाळ्यात गाडीतल्याच बाकांवर, अंथरुणे पडतात. माझ्या आजोळी रात्रीच्या भाकरीवर या दोघांचा हक्क घरच्या माणसांइतकाच मानला जाई. आजी त्यांना नावाने नव्हे, तर ‘आपले डायवर’ आणि ‘आपले कंडक्टर’ असे संबोधी, आणि बदली होऊन नवी माणसे आली तरी ‘आपले’पण तेच राही.

पहाटे इंजिन सुरू झाले की त्या घरघरीवर गावातल्या चुली पेटतात. डबल बेल पडते तेव्हा आत दूधवाले आणि परीक्षार्थी असतात, आणि बाजाराच्या दिवशी, २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे झाल्यावर, उभे राहण्यासही जागा नसते. इतर दिवशी मात्र बाके रिकामी दिसतात. आगाराच्या दफ्तरात अशा फेरीचे मोजमाप भारमान आणि दर किलोमीटरमागील उत्पन्न या दोन रकान्यांत होते, व दोहोंतही ती नापास ठरते. माझा आक्षेप या मापावर आहे, कारण संध्याकाळी घरी पोहोचविणारी गाडी आहे या खात्रीवरच मनुष्य मुंबईचे तिकीट काढतो, आणि ते उत्पन्न मात्र रात्रीच्या गाडीच्या खाती जमा होते. शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर तुटले की आधीच्या पावणेचारशेंना अर्थ उरत नाही.

एका पावसाळ्यात आमच्या वाटेवरचा साकव खचून वस्ती बंद पडली. साकव दुरुस्त झाल्यावर ग्रामपंचायतीने रीतसर ठराव करून अर्ज गुदरला, तेव्हा आगारातून आलेल्या अनुभवी अधिकाऱ्याने इतकेच विचारले की, माझी माणसे निजणार कोठे? त्यावर पंचायत कचेरीची मागची खोली दिवा-पाण्यासह देण्याचे, आणि पहाटे अंघोळीचे पाणी वाडीतील घरांनी पाळीपाळीने तापवून देण्याचे ठरले. ती पाळी अद्याप चालू आहे, आणि शिमग्याच्या पालखीच्या ऐन धामधुमीत ती नेमकी आपल्याच घरावर कशी येते याविषयी माझ्या मामेभावाची सरपंचांकडे दरसाल तक्रार असते.