पनीर घरचे असावे, पण नासलेल्या दुधाचे नसावे

एक काळ असा होता की आपल्याकडे पनीर हा पदार्थ हॉटेलच्या मेनूकार्डावरच भेटत असे. घरात चक्का टांगला जाई, गाय-म्हैस व्याली की चिकाचा खरवस होई. पण चांगले दूध मुद्दाम फाडायचे म्हणजे जुन्या बायकांच्या जिवावर येई. आता बारशाच्या जेवणातही पनीरची भाजी असते आणि डेअरीत ते सुटे मिळते. त्याबरोबर दवाखान्यात दोन प्रश्न नेहमी येऊ लागले आहेत. बाहेरचे पनीर खरे असते का? आणि घरी करायला जमेल का? पहिल्याचे उत्तर नुसते पाहून देता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र 'होय' असेच आहे. ज्या गृहिणीला दही विरजता येते तिला पनीर जमलेच पाहिजे.

आधी थोडा हिशेब करू. एक लिटर म्हशीच्या दुधापासून साधारण 200 ग्रॅम पनीर निघते; गाईच्या दुधापासून 150 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोभर पनीरला म्हशीचे पाच लिटर दूध हवे. मलई अगोदर काढून विकली असेल तर थोडा फरक पडेल, पण पाच लिटर दुधाच्या किमतीपेक्षा पनीर फारच स्वस्त मिळत असेल तर त्यात दुधाशिवाय आणखी काय आहे, हे विचारावे. पामतेल आणि दूध पावडर यांपासून पनीरसारखा दिसणारा पदार्थ तयार होतो. तो पनीर या नावाने विकता येत नाही, वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे लागते. पण सुट्या मालाला वेष्टनच नसते. पिठाची भेसळ मात्र घरी ओळखता येते. पनीरचा तुकडा थोड्या पाण्यात उकळून गार करावा व त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे असे समजावे. तेलाची भेसळ या परीक्षेत कळत नाही. तपासलेला तुकडा अर्थातच फेकून द्यावा.

आता कृती. एक लिटर ताजे दूध स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात तापत ठेवावे. कल्हई उडालेले पितळी पातेले घेऊ नये, आंबटामुळे पदार्थ कळकतो. दूध पिशवीचे असले तरी पूर्ण उकळी येऊ द्यावी. यात दोन हेतू आहेत. एक म्हणजे जंतू मरतात. दुसरा असा की दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन हे प्रथिन असते, ते आंबटाने साकळते. उरलेली प्रथिने एरवी पाण्याबरोबर निघून जातात, पण दूध चांगले तापले की त्यांतील बरीचशी केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतात. उकळी आल्यावर गॅस बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच कोमट पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा व हलक्या हाताने ढवळावे. चोथा वेगळा होऊन हिरवट, नितळ पाणी दिसले की थांबावे. पाणी अजून दुधाळ असेल तर आणखी थोडा रस घालावा. लिंबू नसेल तर व्हिनेगर किंवा अर्धी वाटी आंबट दही चालते. नवशिक्यांचे पनीर चिवट होते ते बहुधा दोन कारणांनी: दूध फाटल्यावरही गॅस चालू ठेवणे आणि आंबट जास्त घालणे.

मग चाळणीवर फडके पसरून सारे गाळावे, पुरचुंडी बांधून अर्धा तास चक्क्यासारखी टांगावी. भुरजीला किंवा पराठ्यात भरायला एवढे पुरे. वड्या पाडायच्या असतील तर पुरचुंडी ताटलीत चपटी करून वर पाण्याने भरलेले पातेले तासभर ठेवावे. (जाता जाता: नेहमीच्याच गवळ्याच्या दुधाचे पनीर एखाद्या महिन्यात एकदम कमी पडू लागले, तर दुधात पाणी वाढले आहे का, ते पाहावे.)

येथवर कोणीही सांगेल. डॉक्टर म्हणून सांगायचे आहे ते पुढेच.

बऱ्याच घरांत पनीर मुद्दाम केले जात नाही. दूध नासले की केले जाते. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली, दूध तापवायला उशीर झाला, गॅसवर ठेवताच ते फुटले, की 'टाकायचे कशाला, पनीर करू' असा विचार होतो. लिटरभर दूध मोरीत ओतणे कोणालाही सोपे नाही, हे मी समजू शकतो. पण लिंबाने फाडलेले दूध आणि आपोआप नासलेले दूध एक नव्हे. दूध आपोआप फुटते ते त्यात जंतू वाढून आम्ल तयार झाल्यामुळे. ते जंतू उकळल्यावर मरतील हे खरे. परंतु स्टॅफिलोकॉकस नावाचा एक जंतू दुधात वाढताना विष तयार करतो आणि ते विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. वासावरून, चवीवरून ते कळत नाही. असा पदार्थ खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात कळा सुरू होतात. धडधाकट माणूस एका दिवसात सावरतो. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध मात्र अंगातले पाणी कमी होऊन अत्यवस्थ होऊ शकतात. प्रत्येक नासलेल्या दुधात हे विष असते असे नाही, पण कोणत्यात आहे हे घरी ओळखता येत नाही. तेव्हा नासलेले दूध टाकावे हेच बरे.

हाच जंतू आपल्या नाकात आणि जखमेच्या पुवात असतो. उकळीने दूध निर्जंतुक होते, पण पुढे फडके, हात आणि वरचे वजन यांतून ते पुन्हा दूषित होते. ज्याने भांडी पुसली तेच फडके पनीरला वापरू नये. एक मलमलचे फडके वेगळे ठेवून दर वेळी उकळून उन्हात वाळवावे. बोटाला नखुरडे झाले असेल किंवा हाताला कापले असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्यावे. आंबटपणा जावा म्हणून अनेक जणी चोथा थेट नळाखाली धुतात. पावसाळ्यात गढूळ पाणी येते तेव्हा हा प्रकार घातकच. धुवायचे तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावे.

पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते व मीठ नसते, म्हणून ते लवकर खराब होते. झाकणाच्या डब्यात, पिण्याच्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. फ्रीज नसेल तर लागेल तेवढेच करून त्याच वेळी खावे. बुळबुळीत झालेले, आंबूस वासाचे पनीर तळून खाऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी? शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ते 19 ग्रॅम प्रथिने असतात. निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 42 ग्रॅम. ज्या शाकाहारी घरांत बाई सगळ्यांना वाढून उरलेली आमटी-पोळी खाते, तेथे तिच्या ताटात पन्नास ग्रॅम पनीर पडले तर मोठा फरक पडेल. कवळी बसवलेल्या आजोबांनाही ते चावता येते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाला मऊ कुस्करून थोडे द्यावे. लहान मुलांच्या हाती चौकोनी तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात.

दूध न पचणाऱ्या काहींना पनीर पचते, कारण दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. ते पाणीही ओतून देऊ नका. कणीक मळायला, कढीत, वरणात वापरा. रक्तदाबाच्या रुग्णांना खारट चीजपेक्षा बिनमिठाचे घरचे पनीर कधीही चांगले. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर गाईच्या किंवा साय काढलेल्या दुधाचे करावे. थोडे कोरडे होईल, पण तळण्याऐवजी भाजीत शिजवले तर खटकत नाही. युरिक ॲसिड वाढले म्हणून पनीर बंद करणारे रुग्ण भेटतात. त्याची गरज नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि पनीरमध्ये लोह जवळजवळ नसते, हे गरोदर स्त्रियांनी लक्षात ठेवावे. पालेभाजी, कडधान्ये चालू ठेवावीत व लोहाची गोळी पनीर किंवा दुधाबरोबर न घेता मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे.