वीस बोटांचे गणित, बर्फावरचे कोडिंग

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत, ब्यूफोर्ट समुद्रातल्या बार्टर बेटावर काक्टोविक नावाचे एक गाव आहे. वस्ती तीनशेच्याही आत. तिथल्या शाळेत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम बार्टली हे शिक्षक मुलांना द्विमान पद्धत शिकवत होते. संगणक ज्या 0 आणि 1 वर चालतो, तीच ही मोजणी. दहाच्या ऐवजी दुसऱ्याच आकड्याच्या पायावर अख्खे गणित उभे राहू शकते हे कळल्यावर मुले म्हणाली, मग आमच्या भाषेतही तसेच आहे. इन्युपियाक भाषा विसावर मोजते. हातांची दहा बोटे, पायांची दहा बोटे, झाला एक माणूस पुरा. आपल्याकडे जुनी माणसे पंचेचाळीस रुपयांना ‘दोन विसा नि पाच’ म्हणत, अगदी तसेच.

इन्युपियाक हे अलास्कातले इनुइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. त्यांच्या आधीच्या पिढ्यांना शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. त्यामुळे मोजण्याचे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढे उरले होते आणि लिहायचे म्हटले तर त्यांना अंकच नव्हते. वर्गात मोजकीच मुले होती. त्यांनी आधी नेहमीच्या दहा अंकांना आणखी दहा खुणा जोडून पाहिल्या. त्या लक्षात राहीनात. तेव्हा त्यांनी सगळे अंक नव्याने घडवायचे ठरवले आणि त्यासाठी अटीही स्वतःच घातल्या: अंक लक्षात ठेवायला सोपा हवा, आकृती पाहून किंमत कळावी, पेन्सिल न उचलता झरझर लिहिता यावा, नेहमीच्या अंकांशी त्याची गल्लत होऊ नये आणि तो दिसायलाही चांगला असावा. सॉफ्टवेअर कंपनीत नवे काम सुरू करताना आधी अशाच गरजा लिहून काढतात. काक्टोविकच्या मुलांनी ते शाळेच्या बाकावर बसून केले.

त्यातून जे अंक तयार झाले ते खरोखर बारकाईने पाहण्यासारखे आहेत. खालच्या बाजूच्या उभट रेघा म्हणजे एकक. त्यांच्या डोक्यावरच्या आडव्या रेघा म्हणजे पाच-पाच. अठरा लिहायचे तर वर तीन आडव्या आणि खाली तीन उभट रेघा, नागमोडी एकाला एक जोडलेल्या. सहा म्हणजे एक आडवी, एक उभट. आता अठरातून सहा वजा करा. वरची एक रेघ काढली, खालची एक काढली. उरल्या दोन आणि दोन, म्हणजे बारा. हातचा घेतला नाही, पाढा म्हटला नाही, उत्तर डोळ्यांसमोर आहे. अठराला सहाने भागायचे असेल, तर सहाची आकृती अठराच्या आकृतीत तीनदा बसलेली दिसते. शून्यासाठी त्यांच्या भाषेत शब्द नव्हता. तेव्हा एका मुलीने ‘काही नाही’ म्हणून दोन्ही हात डोक्यावर फुली मारल्यासारखे धरले, आणि शून्याची खूण त्यावरूनच घेतली गेली. पुढे मुलांनी शाळेच्या कार्यशाळेत या पद्धतीचे मणीफलकही बनवले. प्रत्येक तारेवर वर तीन मणी, खाली चार. तीन पाचे पंधरा आणि चार, म्हणजे एकोणीस; त्याच्या पुढे गेले की डावीकडच्या तारेवर एक मणी चढतो.

1998 साली इनुइट सर्कम्पोलर कौन्सिलने, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या इनुइटांच्या संघटनेने, हे अंक वापरावेत असा ठराव केला. काक्टोविकच्या शाळेत आधी गणिताच्या प्रमाणित चाचणीतले मुलांचे गुण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच खाली असत. या अंकांवर शिकवायला लागल्यानंतर ते सरासरीच्या वर गेले. इतक्या लहान शाळेतल्या आकड्यांवरून मोठा सिद्धांत काढू नये, हे खरे. पण जी मुले विसावरून दहावर आणि दहावरून दोनवर सहज ये-जा करतात, त्यांना संगणकाची मोजणी परकी वाटत नाही, एवढे तर नक्की म्हणता येते. सप्टेंबर 2022मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या, 15.0 आवृत्तीत या वीस चिन्हांना जागा मिळाली. याचा अर्थ, शाळकरी मुलांनी काढलेले अंक आता कोणत्याही प्रोग्रॅममध्ये अक्षर म्हणून लिहिता, शोधता आणि साठवता येतात. फॉन्ट मात्र हवा.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण आहे. आदिवासी किंवा स्थानिक संस्कृतीतून तंत्रज्ञान शिकवणे म्हटले, की पुष्कळदा पडद्यावर इग्लू आणि ध्रुवीय अस्वल चिकटवले जाते आणि धडा पूर्वीचाच राहतो. कोडिंगच्या पहिल्या धड्यात पडद्यावर मांजर चालवतात, त्याऐवजी अस्वल चालवले, एवढाच फरक. माझ्या मते हे शिक्षण नव्हे, सजावट आहे. संस्कृती चित्रात शोधली तर हाती फार काही लागत नाही. ती नियमात शोधायला हवी. मोजायचे कसे, ठरवायचे कोणी, शिकायचे कोणाजवळ बसून, मिळालेली माहिती कोणाची, हे ते नियम. आणि प्रोग्रॅम म्हणजे तरी दुसरे काय असते?

कॅनडातल्या नुनावुत प्रदेशात हा विचार शिक्षणाच्या कायद्यातच आला आहे. 1 एप्रिल 1999 रोजी हा प्रदेश वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे 21 लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळजवळ सात पट. लोकसंख्या 2021च्या जनगणनेत 37 हजारांच्या आसपास, बहुतेक इनुइट. गावे 25 आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. विमान, किंवा उन्हाळ्यात जहाज. इंटरनेट येते ते मुख्यतः उपग्रहावरून, महाग आणि बेभरवशाचे. 2008च्या शिक्षण कायद्याने ‘इनुइट कौयिमायातुकांगित’, म्हणजे इनुइट लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आणि त्यातली मूल्ये, हा शाळेचा पाया मानला. त्यात आठ तत्त्वे सांगितली जातात. कोडिंगच्या वर्गाला त्यातली दोन-तीन फारच जवळची आहेत. ‘पिलिम्माक्सार्निक’ म्हणजे जाणत्या माणसाशेजारी बसून, बघून, करून, पुन्हा करून कौशल्य अंगी आणणे. ‘कानुक्तूर्निक’ म्हणजे हाताशी असेल त्यातून नवी वाट काढणे. आणि ‘आयीकातिगीन्निक’ म्हणजे सगळ्यांनी बोलून, एकमताने ठरवणे.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. पुस्तक वाचून कोड येत नाही. कोणाच्या तरी शेजारी बसून, चुकलेली ओळ शोधून, दुरुस्त करून येतो. इनुइट घरांतही शिकणे असेच असते. शिकारीला गेलेला मुलगा बापाला बघत बघत शिकतो. आजीशेजारी बसलेली मुलगी सीलचे कातडे शिवताना टाका पाण्याला दाद देणार नाही इतका घट्ट कसा घालायचा, हे तिच्या बोटांकडे बघून शिकते. अशा घरातल्या मुलाला तासाला एक प्रकरण आणि महिन्याला एक परीक्षा हीच पद्धत परकी असते. संगणक तितका परका नसतो.

पांग्निरटुंग हे बॅफिन बेटावरचे, खोल खाडीकाठचे गाव. तिथे रायन ऑलिव्हर यांनी 2012 साली पिंगुआक ही संस्था सुरू केली. आधी खेळ आणि ॲप, मग नुनावुतच्या मुलांसाठी कोडिंगचे वर्ग, पुढे मुलांना हाताने काही बनवता यावे अशा कार्यशाळा. संस्थेच्या सुरुवातीच्या खेळांपैकी एक ‘कालुपालिक’वर आहे. कालुपालिक हा समुद्राच्या बर्फाखाली राहणारा प्राणी. एकटेदुकटे मूल बर्फाच्या कडेला गेले की त्याला उचलून नेतो, अशी तिथली गोष्ट. ती नुसती भुताची गोष्ट नाही. कडेचा बर्फ पातळ असतो, आणि शाळेत न गेलेल्या आज्यांनी मुलांचे जीव वाचवण्यासाठी रचलेला तो इशारा आहे. अमुक ठिकाणी, एकटा असशील, तर अमुक घडेल. अट आणि परिणाम. ज्या मुलाने ही गोष्ट पाळण्यात ऐकली, त्याला ‘जर-तर’चे विधान वेगळे शिकवायची फारशी गरज नाही, ते विधान यंत्राला कळेल असे कसे लिहायचे, एवढेच दाखवायचे असते.

नियमात उतरलेली संस्कृती म्हणजे काय, हे अलास्कातल्याच ‘नेव्हर अलोन’ या खेळात छान दिसते. अँकरेजची कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही स्थानिक जमातींची संस्था आणि ई-लाइन मीडिया ही कंपनी यांनी मिळून तो 2014मध्ये काढला. कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या इन्युपियाक कथेकऱ्याने सांगितलेली. ती वापरण्यापूर्वी त्यांच्या कन्येची परवानगी घेतली होती. न थांबणारे हिमवादळ कुठून येते हे शोधायला नुना ही लहान मुलगी निघते, सोबतीला एक कोल्हा. खेळात निवेदन इन्युपियाक भाषेत आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वाऱ्याचे वागणे. झोत आला की खाली वाकून जमिनीला चिकटायचे, नाहीतर तो फेकून देतो. आणि नेमक्या क्षणी उडी घेतली तर तोच वारा पलीकडे नेऊन पोचवतो. मुलगी एकटी पुढे जाऊ शकत नाही, कोल्हाही नाही. निसर्गाशी मारामारी न करता त्याचा कल ओळखायचा आणि जोडीने चालायचे, हे खेळात कोणी भाषण करून सांगत नाही. कोडच तसा लिहिला आहे. 2015 साली त्याला पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

आर्क्टिकमध्ये डिजिटल कौशल्य ही नोकरीपुरती गोष्ट नाही. समुद्रावरचा बर्फ हाच तिथला हिवाळ्यातला रस्ता, आणि तो आता भरवशाचा राहिलेला नाही. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या नेन गावात 2009-10चा हिवाळा विलक्षण उबदार गेला. नेहमीच्या वाटांवर बर्फ फुटून माणसे पाण्यात पडली. त्यातून पुढे ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा राहिला. बर्फात रोवायचे संवेदक, आणि स्नोमोबाइलमागे कामुतिकवर, म्हणजे पारंपरिक घसरगाडीवर, ओढत न्यायचे यंत्र. ते विद्युतचुंबकीय पद्धतीने चालता चालता बर्फाची जाडी मोजते. ही उपकरणे जुळवायचे काम नेनमधली इनुइट तरुण मुले शिकली. बर्फ कुठे मोजायचा हे मात्र यंत्र सांगत नाही, गावातले जाणते सांगतात.

हडसन उपसागरातल्या सानिकिलुआक गावाच्या आर्क्टिक आयडर सोसायटीने 2019मध्ये ‘सिकू’ हे ॲप आणले. शिकारी त्यावर बर्फाची अवस्था, प्राणी, धोक्याच्या जागा छायाचित्रांसह नोंदवतात, आणि बर्फाचे प्रकार आपल्या भाषेतल्या नावांनी टिपतात. नोंद ज्याची, माहिती त्याची, आणि ती कोणाला दाखवायची हेही त्यानेच ठरवायचे, असा ॲपचा नियम आहे. आर्क्टिकमध्ये बाहेरचे संशोधक वर्षानुवर्षे येऊन माहिती घेऊन गेले आणि गावाला त्याचा निकालही कळला नाही, या अनुभवातून तो नियम आला. माझ्या दृष्टीने मुलांना शिकवायच्या डिजिटल धड्यांमध्ये हा धडा कोडच्या पहिल्या ओळीइतकाच गरजेचा आहे. आपण टाकलेली नोंद कोणाची, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळले पाहिजे.

या सगळ्यात अडचणी आहेत. चांगला शिक्षक दोन वर्षांत दक्षिणेला परततो, उपग्रहाचे इंटरनेट ऐन वर्गात बंद पडते, जाणती माणसे थकत चालली आहेत. पैसा आणि चिकाटी दोन्ही लागतात. तरीही काक्टोविकच्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे: मुलांनी वर्गात आणलेल्या घरच्या ज्ञानाला शिक्षकाने ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हटले नाही, तर त्यातून जगाच्या संगणकांत जाणारी अंकपद्धती निघू शकते.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी हे आपले म्हणून पाहावे. आपल्याकडे गडचिरोलीत गोंडी भाषा बोलली जाते. तिच्यासाठीची मसराम गोंडी लिपी 2017 साली आणि गुंजाळा गोंडी लिपी 2018 साली युनिकोडमध्ये आली आहे. म्हणजे गोंडी मुलाला आपला पहिला प्रोग्रॅम आपल्या अक्षरांत काही बोलेल असा लिहिता यावा, याला मोठा तांत्रिक अडथळा उरलेला नाही. आश्रमशाळेत संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे की पुढच्या तासाला पडद्यावर मांजर चालवण्याआधी मुलांना एकदा विचारा, तुमच्या घरी मोजतात कसे, आणि उत्तर फळ्यावर लिहून घ्या.