शब्दांची संगत – भाग ८ : निषेधाची धार कशात असते?

गेल्या भागात कौतुकाच्या जोड्या पाहिल्या, आज नापसंतीच्या. इंग्रजीत राग व्यक्त करणारे शब्द बहुधा ठरलेल्या सोबत्यांबरोबर येतात. निषेध करायचा तर ‘स्ट्राँगली कंडेम’, विरोधाला ‘व्हिअमंटली अपोज’, आरोप साफ नाकारायचा तर ‘कॅटेगॉरिकली डिनाय’. ‘अटर्ली’ हा शब्द मुळातच टोकाच्या विशेषणाला लागतो. त्यामुळे ‘अटर्ली डिसग्रेसफुल’ बरोबर वाटते आणि ‘अटर्ली बॅड’ कानाला खटकते. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपणही टीका सडकून करतो आणि विरोध कडाडून. ‘सडकून विरोध’ कुणी करत नाही. अशा जोड्या सरावाने तोंडी बसतात. कोणती जोडी काही सांगते आणि कोणती नुसता आवाज चढवते, हे ओळखणे मात्र सरावाने येत नाही. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे : जोडीतला जोर देणारा शब्द काढून टाका आणि विधान बदलते का ते पाहा.

‘स्ट्राँगली कंडेम’मधून ‘स्ट्राँगली’ काढला तर निषेध तेवढाच राहतो, बोलणाऱ्याचा पारा तेवढा उतरतो. ‘ग्रॉस नेग्लिजन्स’मधून ‘ग्रॉस’ काढला तर मात्र खटल्याचा निकाल फिरू शकतो. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले, की डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरायचे तर निष्काळजीपणा या ‘ग्रॉस’ पातळीचा असला पाहिजे. साधी चूक पुरेशी नाही. पहिल्या जोडीतला शब्द बोलणाऱ्याबद्दल सांगतो, दुसरीतला कृत्याबद्दल. कृत्याबद्दल सांगणारा शब्द पुरावा मागतो, आणि धार त्या पुराव्यातून येते.

याचे ठसठशीत उदाहरण आपल्याच नर्मदाकाठचे आहे. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बुडिताखाली येणार होती. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ही गावे तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने १९९१ साली ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांना स्वतंत्र फेरतपासणीसाठी नेमले. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच्या निष्कर्षात आगपाखड नाही. सध्याच्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही आणि पर्यावरणावरच्या परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही, हा त्याचा आशय. आता कसोटी लावा. ‘सध्याच्या परिस्थितीत’ काढले तर पुनर्वसन कधीच होणार नाही असा दावा उरतो. ‘पुरेसा’ काढला तर विचार मुळीच झाला नाही असा. दोन्ही दावे सरकारला सहज खोडता आले असते. मापून घातलेल्या या शब्दांनी तशी फटच ठेवली नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसूनही सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ‘अतिक्रमणदार’ ठरलेल्या आदिवासींचे काय, अशा नेमक्या प्रश्नांवर तो निष्कर्ष उभा होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको असल्याचे कळवले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे : असे थंड शब्द ज्याच्या हाती अहवाल आहे त्यालाच परवडतात, ज्याच्या दारात पाणी येते त्याने शब्द मोजत बसायचे काय? नाही. नर्मदेच्या खोऱ्यात माणसे रस्त्यावर उतरली नसती तर मोर्स आणि बर्जर यांना कुणी नेमलेच नसते. अक्कलकुव्यातल्या मणिबेलीचे नाव घेऊन १९९४ साली ४४ देशांतल्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला, तोही रागातूनच आला. पण त्याचा भर शिव्याशापांवर नव्हता, आधी काय काय पूर्ण करा या अटींवर होता. राग माणसे गोळा करतो. समोरच्याला बांधून ठेवते ती नेमकी मागणी.

दुसरा आक्षेप असा, की ‘पुरेशी कार्यवाही झाली नाही’ हीच सरकारी खात्यांची पळवाट असते. तेही खरे, म्हणूनच कसोटीला दुसरी पायरी हवी : ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे पुढच्या ओळीत आहे का? असेल तर तो ठपका, नसेल तर सारवासारव. आणि ठपका ठेवला म्हणून धरण थांबले असेही नाही. ते पुरे होऊन २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. पण मोर्स-बर्जर अहवालाआधी बँकेच्या प्रकल्पाची अशी स्वतंत्र तपासणी झालीच नव्हती. १९९३ साली बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी बँकेने कायमचे तपासणी मंडळ नेमले, त्यामागे हा अहवाल होता. एवढे काम ‘स्ट्राँगली कंडेम’ म्हणणाऱ्या पत्रकांच्या ढिगाने झाले नसते.

तेव्हा इंग्रजीत तक्रार किंवा निवेदन लिहिताना आधी काय घडले ते तारीख-वारासह लिहा आणि मग त्याला पेलेल एवढाच जोराचा शब्द निवडा. पुढच्या भागात दिलगिरीच्या जोड्या : ‘डीपली रिग्रेट’ म्हणणारा माफी मागतो की टाळतो?