चार बोटें नळी

जुन्या वतनदार घराण्यांतून माजघराच्या खुंटीवर एखादी बंदूक टांगलेली असावयाची, हा प्रकार मराठवाड्यांत नवलाचा नव्हता. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. ज्वारीच्या शेतांत डुकरें शिरत, वस्तीच्या वाटा लांबच्या असत, आणि घरांत बंदूक असणें हें पत असल्याचें चिन्ह समजलें जाई. पुढें १९७२ सालीं वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला व शिकारीचा शौक कायमचा संपला. बंदुकीचें काम सरलें, पण बंदूक राहिली. वर्षांतून एकदां खंडेनवमीस तिला गंधफूल वाहावयाचें आणि पुन्हां पेटींत ठेवावयाचें, एवढाच काय तो तिचा उपयोग उरला.

अशीच एक दुनळी बंदूक किल्लारीच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारच्या सुमारास तेथें काय झालें, तें वाचकांस सांगणें नलगे. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून आलेलीं या घरचीं माणसें ओट्यावरच लवंडलीं होतीं, म्हणून तीं वांचलीं. वाडा मात्र बसला. आठ दिवसांनीं दगडमातीच्या ढिगांतून बंदूक निघाली, तेव्हां तिच्या दोन्ही नळ्यांचीं तोंडें चेपलेलीं होतीं. त्या वेळीं आजोबा हयात होते व परवाना त्यांच्याच नांवें होता. त्यांनीं ती एका कारागिरास दिली. त्यानें चेपलेला भाग चार बोटें कापून टाकला, तोंडें कानशीनें साफ केलीं, नवी माशी बसविली आणि नळ्यांस नवा काळा रंग चढविला. बंदूक पूर्वींपेक्षांहि देखणी झाली. आजोबांस संतोष वाटला.

ते वारल्यावर चार वर्षांनीं नातवांनीं पेटी उघडली. यंदा पूजेनंतर अंगणांत एक बार काढावा, असा धाकट्यांचा हट्ट होता. आम्हांस या विषयाची थोडीबहुत माहिती असल्यामुळें बंदूक आमच्या हातीं आली. आम्हीं प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि मग नळी मोजली. ती सत्तावीस इंच भरली.

एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. लंडनचा रॉबर्ट चर्चिल हा बंदूककार १९२० नंतरच्या दशकांत मुद्दाम पंचवीस इंचांच्या नळ्या घालीत असे व त्याच्या बंदुका नांवाजलेल्या होत्या. तेव्हां जन्मतःच आखूड असणें निराळें आणि कापून आखूड होणें निराळें. हा भेद ओळखावयाचा कसा? दुनळी बंदुकीच्या नळ्या बुडाशीं जाड असतात व टोंकाकडे निमुळत्या होत जातात. त्या अशा बेतानें जोडलेल्या असतात कीं, तोंडाशीं त्या एकमेकींस टेकतात, निदान टेकल्यासारख्या दिसतात. मधूनच कापल्या तर तोंडाशीं दोहोंमध्यें फट पडते, आणि ती कथलानें किंवा लोखंडाच्या तुकड्यानें बुजवावी लागते. आमच्या हातांतील बंदुकीच्या तोंडाशीं काळ्या रंगाखालीं असाच एक तुकडा चमकत होता.

दुसरी खूण नळीच्या आंत असते. बारा बोअर म्हणजे एक रतल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांपैकीं एक जींत नेमकी बसेल अशी नळी. तिचा व्यास पाऊण इंचाहून किंचित् कमी असतो. सुमारें १८७५ पासून इंग्रज बंदूककार नळीचें शेवटचें टोंक आंतून अगदीं थोडें अरुंद करूं लागले. यास ते चोक म्हणतात. हा अरुंदपणा इंचाचे फार तर चाळीस हजारांश भाग एवढा असतो. परंतु त्यामुळें छरे फांकत नाहींत. पूर्ण चोक असेल तर चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळांत शेंकडा सत्तर छरे पडतात. चोक मुळींच नसेल तर शेंकडा चाळीस. हें सारें कर्तृत्व टोंकाच्या दोनचार इंचांत असल्यामुळें चार बोटें नळी कापली कीं चोक गेलाच. बाराचा वेग त्यानें फारसा कमी होत नाहीं, पण नेम विसकटतो.

तिसरी खूण सर्वांत बोलकी. लंडन व बर्मिंगहॅम येथें प्रत्येक नळी जादा दारूनें उडवून पारखली जाई, आणि टिकली तरच तिच्या बुडाखालीं शिक्के मारीत. १८७५ पासून चोक असलेल्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे एकसंध गोळी घालूं नये, असा शिक्का असे. १८८७ पासून त्याच्या जागीं ‘चोक’ हा शब्द आला. आमच्या स्नेह्यांच्या बंदुकीवर हा शब्द स्पष्ट होता. बुडाशीं लिहिलें होतें चोक, आणि तोंडाशीं चोकाचा मागमूस नव्हता. बंदूक आपली हकीगत स्वतःच सांगत होती.

कापणें हा एकच फेरफार नव्हे. लहान मुलाच्या खांद्यास बसावा म्हणून दस्ता आखूड करतात. हा फेरफार बहुधा निरुपद्रवी. जुन्या अडीच इंची काडतुसाच्या घरास पावणेतीन इंची काडतूस मानवावें म्हणून आंतून कोरून काढतात. त्यानें नेमक्या अधिक दाबाच्या जागींच लोखंड पातळ होतें. न कोरलेल्या घरांतहि लांब काडतूस सहज बसतें, आणि तेंच घातक. कारण उडतांना त्याचें तोंड उलगडून वाट अडवितें व दाब वाढतो. कित्येक नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पीळ घालून, सळईभोंवतीं गुंडाळून व ठोकून केलेल्या असतात. त्यांस दमास्कस नळ्या म्हणतात. त्या काळ्या दारूच्या जमान्यांतील. हल्लींचें काडतूस, मग तें आपल्या खडकीच्या कारखान्यांतील कां असेना, बिनधुराच्या दारूचें असतें. त्या दारूची परीक्षा ज्या नळीनें कधीं दिली नाहीं, तिच्यांत तें घालणें म्हणजे डाव्या हाताचीं बोटें पणास लावणेंच होय. आणि गंज काढण्यासाठीं नळी वारंवार घासली म्हणजे ती बाहेरून लखलखते, पण आंतून झिजते.

किल्लारीकरांस हें समजावून देण्यास फार बोलावें लागलें नाहीं. त्यांच्या वाड्याच्या भिंती हातहात रुंद होत्या. परंतु दोन बाजूंचे दगड मातींत नुसते रचलेले, त्यांस आरपार बांधणारे दगड नाहींत, आणि वर मातीचें जड माळवद. जाडी दिसत होती, बांधणी दिसत नव्हती. आठ हजारांच्या जवळपास माणसें त्या पहांटे गेलीं, तीं बहुतांशीं अशाच भिंतींखालीं.

येथवर जिवाचा प्रश्न झाला. पुढचा प्रश्न अब्रूचा होता. १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या सहाव्या कलमानें, तसा परवाना नसतां कोणत्याहि बंदुकीची नळी आखूड करतां येत नाहीं. इंग्लंडांत चोवीस इंचांची मर्यादा आहे, अमेरिकेंत अठरा इंचांची. आपल्या या कलमांत अशी सूट नाहीं. आखूड बंदूक अंगरख्याखालीं लपते, म्हणून ही कडक दृष्टि. २०१९ च्या दुरुस्तीनें या गुन्ह्यास निदान सात वर्षें व अधिकांत अधिक जन्मठेप अशी शिक्षा ठरली आहे. चेपलेलें तोंड काढणाऱ्या त्या कारागिराच्या मनांत पाप नव्हतें. परंतु तेवढ्यानें काम कायदेशीर ठरत नाहीं. शिवाय आजोबांचा परवाना आजोबांबरोबर संपला होता. जुनी वस्तु म्हणून कायदा सोडून देतो, असा पुष्कळांचा समज असतो, तोहि अपुरा आहे. दुरुस्ती करूनहि जी उडणार नाहीं अशाच जुनाट हत्याराला ती सवलत आहे. ही तर उडत होती.

घरांत दोन पक्ष पडले. थोरले, सरकारी नोकरींत असलेले, म्हणाले, “विहिरींत टाकून मोकळे होऊं.” मधले म्हणाले, “दुसऱ्या कारागिराकडून ती फट नीट बुजवून घेऊं. कोणास कळणार आहे?” पलीकडे वाती वळीत बसलेल्या आजींनीं मान वर केली. त्या म्हणाल्या, “अरे, यांनीं साऱ्या गांवादेखत परवाना काढला होता. त्यांची वस्तु चोरासारखी विहिरींत टाकतां? वाडा गेला, आपण राहिलों. बंदूक गेली तर काय बिघडलें? पण जाईल ती दिवसाढवळ्या जाईल.”

तसेंच झालें. वकिलांचा सल्ला घेऊन, आजोबांचा परवाना व मृत्यूचा दाखला जोडून, हकीगत होती तशी लिहून दिली आणि बंदूक ठाण्यांत जमा केली. कायद्याच्या एकविसाव्या कलमांत वारसांनीं शस्त्र असें जमा करण्याची तरतूद आहे. त्या वर्षीं खंडेनवमीस पाटावर विळी, अडकित्ता, धाकट्याचा कंपास आणि आजोबांचा जुना परवाना मांडला होता.

ज्यांच्या घरीं असा वारसा आहे, त्यांनीं तो वडील माणसांच्या हयातींतच मार्गी लावावा. परवानाधारकाचें वय सत्तर झालें, किंवा शस्त्र पंचवीस वर्षें त्याच्याजवळ असलें, तर वारस नेमून त्याच्या नांवें परवाना मागतां येतो, असें २०१६ चे नियम सांगतात. आतां एका परवान्यावर दोनच शस्त्रें ठेवतां येतात, हेंहि ध्यानांत असावें. आणि कोणी प्रेमानें म्हणाला कीं, “जरा चार बोटें कापून देतों, झकास होईल,” तर त्यास नम्रपणें नको म्हणावें. चेपलेल्या तोंडाची बंदूक कुरूप दिसते खरी, पण तिच्यावर घडलेल्या गोष्टीची साक्ष असते. कापलेल्या बंदुकीवर मात्र आपण केलेल्या गोष्टीची.